वाचकांचे प्रश्न : राष्ट्राचे नैतिक अधःपतन आणि ख्रिस्ती मंडळी

प्रश्न : संपादकांस सप्रेम सलाम. मी निवृत्त शिक्षक असून अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातील मंडळीचा सभासद आहे. देशाची नीतिमत्ता झपाट्याने ढासळत चालली आहे, असे मला तीव्रतेने वाटते. मुले आईवडिलांना जुमानत नाहीत, लग्ने टिकत नाहीत, दारू घरोघर पोचली आहे, मोबाइलवर नको ते पाहिले जाते आणि पैसे चारल्याशिवाय कोणत्याही कचेरीत काम होत नाही. आमच्या प्रार्थनासभेत दुसरे इतिहास ७:१४ हे वचन वारंवार वाचले जाते आणि देशाने पश्चात्ताप केला नाही तर देव त्याला शासन करील, असे सांगितले जाते. राष्ट्राच्या या अधःपतनाकडे ख्रिस्ती माणसाने कसे पाहावे?

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातील कळकळ खरी आहे, आणि आपण ज्या गोष्टींची नावे घेतली आहेत त्यांतील एकही क्षुल्लक नाही. दारूने उद्ध्वस्त झालेले घर ज्याने आतून पाहिले आहे, त्याला नीतीची घसरण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही उत्तराच्या आरंभीच एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. उपदेशकाच्या पुस्तकात (७:१०) म्हटले आहे की, आजच्यापेक्षा पूर्वीचे दिवस बरे का होते असे विचारणे शहाणपणाचे नव्हे. आपल्या जिल्ह्यातील मंडळ्यांचा इतिहास आपण जाणताच. आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांना गावच्या विहिरीचे पाणी शेंदता येत नव्हते, आणि सार्वजनिक तळ्यातील ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडला हजारो माणसांसह सत्याग्रह करावा लागला. त्या काळी मुले आईवडिलांच्या आज्ञेत होती आणि लग्ने टिकत होती, हे मान्य केले तरी, माणसाला माणसाचा विटाळ मानणाऱ्या समाजाला नीतिमान समाज म्हणणे आपल्याला शक्य नाही. म्हणून ‘ढासळली’ असे म्हणण्यापूर्वी ती केव्हा आणि कोणासाठी उभी होती, हे विचारले पाहिजे.

राष्ट्राची नीती पवित्र शास्त्र कोणत्या मापाने मोजते, हे पाहायचे असेल तर आमोस संदेष्ट्याचे पुस्तक एका बैठकीत वाचावे. ते नऊच अध्यायांचे आहे. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात, दुसरा यराबाम इस्राएलचा राजा असताना, तकोवा येथे मेंढरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा हा मनुष्य उत्तरेकडच्या राज्यात गेला आणि बोलू लागला. राज्याची भरभराट होती, सीमा विस्तारल्या होत्या, बेथेलच्या राजमंदिरात सण आणि यज्ञ थाटात होत होते. आमोसाने भाषणाचा आरंभ शेजाऱ्यांपासून केला. दिमिष्काने (दमास्कसने) गिलादच्या लोकांना लोखंडी औतांखाली मळले, गज्जाने गावेच्या गावे धरून गुलाम म्हणून विकली, अम्मोन्यांनी गरोदर स्त्रियांची पोटे चिरली, मवाबाने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. या एकेका शत्रूचे नाव निघाले तेव्हा ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील, यात शंका नाही. मग यहूदाचे, म्हणजे दक्षिणेकडच्या भाऊबंद राज्याचे, नाव आले, आणि शेवटी, सर्वांत अधिक वेळ घेऊन, खुद्द श्रोत्यांचे.

या यादीतील मवाबाचा अपराध पुन्हा वाचण्यासारखा आहे. तो इस्राएलाविरुद्ध नव्हताच. एका परराष्ट्राने दुसऱ्या परराष्ट्राच्या मृत राजाची विटंबना केली होती. मोशेचे नियमशास्त्र दोघांकडेही नव्हते, तरीही देवाने त्याची दखल घेतली. यावरून एवढे निश्चित होते की, ज्यांनी पवित्र शास्त्र कधी हाती धरले नाही अशा राष्ट्रांकडूनही देव माणुसकीची अपेक्षा करतो आणि तिचा हिशोब मागतो. पण ज्यांच्याकडे शास्त्र आहे त्यांचा हिशोब अधिक बारकाईने होतो, हेही तितकेच स्पष्ट आहे.

त्या हिशोबात काय आढळले? नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला जोडाभर पायतणासाठी विकले गेले. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, केव्हा संपतो आणि धान्याची दुकाने केव्हा उघडतात, याची वाट पाहणारे व्यापारी माप लहान करीत, वजन वाढवीत आणि गव्हाचे भूस धान्याच्या भावाने विकीत. वेशीत, म्हणजे जेथे न्यायनिवाडा होत असे तेथे, लाच घेऊन गरिबाचा दावा उडवून लावला जात असे. बाप आणि मुलगा एकाच मुलीकडे जात, हेही आमोसाने सांगितले आहे. म्हणजे वैवाहिक नीतीकडे त्याने डोळेझाक केली नाही. परंतु त्याच श्वासात तो एक असे दृश्य दाखवतो की ते एकदा वाचल्यावर विसरता येत नाही. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर ही माणसे वेदीपाशी पाय पसरून लोळत होती. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण त्याच्या अंगावर घालायला तेवढेच असते, अशी निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे. ते पांघरूण रात्री परत गेले नाही. ते मंदिरात, सावकाराच्या अंगाखाली होते, आणि सावकार उपासनेला आला होता.

गुरुजी, आपण केलेल्या यादीत लाचेचा उल्लेख सर्वांत शेवटी आला. मी हे आपल्याला दोष देण्यासाठी म्हणत नाही. आपल्या बहुतेक व्यासपीठांवरून होणाऱ्या उपदेशांतही तिचा क्रम तोच असतो, किंवा ती येतच नाही. तरुणांचे कपडे आणि मोबाइल यांवर आपण तास तास बोलतो, पण मजुराला कबूल केलेली रोजंदारी बुडवणाऱ्या सभासदावर कोणी बोलत नाही, कारण चर्चच्या इमारतीला त्याने मोठी देणगी दिलेली असते. सदोम नगरीचे पाप म्हटले की आपल्या मनात एकच गोष्ट येते. यहेज्केल संदेष्टा मात्र (१६:४९) त्या नगरीचा अभिमान, अन्नाची रेलचेल, निश्चिंत चैन आणि दीनदुबळ्यांना हात न देणे यांची नावे प्रथम घेतो, आणि अमंगळ कृत्यांचा उल्लेख त्यानंतर करतो. लैंगिक पाप हे पापच आहे आणि विवाहाची पवित्रता ही ख्रिस्ती शिकवण आहे. तिच्यात मी तसूभरही सवलत देत नाही. मात्र संदेष्ट्यांनी जो क्रम लावला तो उलटा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

आता आपल्या प्रार्थनासभेतील वचनाकडे वळतो. ‘माझे नाव ज्यांना दिले आहे ते माझे लोक लीन होतील, प्रार्थना करतील व आपल्या दुष्ट मार्गांपासून फिरतील तर’ अशा आशयाचे ते वचन शलमोनाने मंदिराचे समर्पण केल्यावर देवाने त्याला दिले. ते देवाशी कराराने बांधलेल्या इस्राएल लोकांना उद्देशून आहे. आजच्या कोणत्याही राज्यघटनेखाली राहणाऱ्या नागरिकांना, मग तो देश भारत असो की अमेरिका, ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. आज ‘माझे लोक’ हे शब्द कोणाला लागू होत असतील तर ते मंडळीला. तेव्हा या वचनाचा आधार घेऊन शेजाऱ्याने पश्चात्ताप करावा अशी प्रार्थना करणे म्हणजे आपल्या नावावर आलेली नोटीस त्याच्या दारावर चिकटवणे होय. न्यायनिवाड्याचा आरंभ देवाच्या घरापासून होतो, हे पेत्राने (१ पेत्र ४:१७) निःसंदिग्ध शब्दांत लिहिले आहे.

या विषयावर मी इतके निकराने लिहितो याला एक कारण आहे. राष्ट्राच्या अधःपतनाची भीतीच मंडळीला अधःपतनाकडे नेऊ शकते, याचा पुरावा फार जुना नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत धार्मिक वृत्तीचे लोक नेमके आपल्यासारखेच बोलत होते. बर्लिनमधील रात्रीचे जीवन, मोडणारी कुटुंबे, नास्तिक चळवळी आणि तरुणांचा स्वैरपणा यांनी ते व्यथित झाले होते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सेलर झाला आणि १ फेब्रुवारीला राष्ट्राला उद्देशून केलेल्या निवेदनात त्याने ख्रिस्ती धर्म हा आपल्या सर्व नीतीचा पाया असल्याचे सांगून त्याला सरकारचे संरक्षण देण्याची हमी दिली. असंख्य भाविकांना वाटले की प्रार्थना ऐकली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या निवडणुकांत ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीधार्जिण्या गटाला मोठे बहुमत मिळाले आणि सप्टेंबरात जर्मनीतील प्रशिया प्रांताच्या चर्चने यहुदी वंशाच्या पाळकांना सेवेतून दूर करणारा नियम स्वीकारला. रस्ते स्वच्छ झाले, शिस्त आली, आणि देशाची नीती रसातळाला गेली. अधःपतन रोखण्याच्या नावाखालीच ते घडून आले.

मार्टिन नीमोलर हा पाळक सुरुवातीला नव्या राजवटीचे स्वागत करणाऱ्यांपैकीच होता. चर्चवर हात पडल्यावर त्याने विरोध संघटित केला. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या या विरोधी गटाच्या प्रतिनिधींनी, ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक कार्ल बार्थ यांनी मुख्यत्वे लिहिलेल्या जाहीरनाम्यात, मंडळीचा प्रभू एकटा येशू ख्रिस्त आहे, दुसरा कोणी पुढारी नाही, असे ठणकावून सांगितले. त्या धैर्याचे मोल मोठे आहे. परंतु त्या जाहीरनाम्यातही छळल्या जाणाऱ्या यहुद्यांविषयी एक वाक्य नव्हते. नीमोलरला १९३७ साली अटक झाली आणि तो १९४५ पर्यंत तुरुंगात आणि छळछावण्यांत होता. युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी जे कबुलीपत्र दिले, त्यावर त्याचीही सही आहे. आमच्याकडून अनेक राष्ट्रांवर अपार दुःख ओढवले, आणि आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक उत्कटतेने प्रीती केली नाही, असा आरोप आम्ही स्वतःवर ठेवतो, असे त्यात म्हटले आहे. आठ वर्षे तुरुंगात काढलेला माणूस ‘त्यांनी’ असे न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो. मला वाटते, ख्रिस्ती माणसाने राष्ट्राच्या पापाविषयी कोणत्या पुरुषात बोलावे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

ते शास्त्रातही आहे. दानीएलाच्या निष्ठेत शत्रूंनाही खोट काढता आली नाही, तरी नवव्या अध्यायातील त्याची प्रार्थना ‘आम्ही पाप केले’ अशीच आहे. पर्शियाच्या राजाने यहूदाचा सुभेदार नेमलेल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय तर आपल्या ग्रामीण वाचकांना अगदी ओळखीचा वाटेल. दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली आहेत, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले आहे, मुली दासी म्हणून दिल्या आहेत, आणि कर्ज देणारे परके नसून आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्याने मोठी सभा बोलावली, सरदारांना खडसावले, आणि मग म्हणाला की मी, माझे भाऊ आणि माझे चाकरही त्यांना पैसे आणि धान्य उसने देत आहोत. हे व्याज आपण सोडून देऊ. शेते परत करा, शेकडा एक घेता तेही परत करा. पुढाऱ्याने सभेत स्वतःचे नाव घेतल्यावर इतरांना पळवाट उरली नाही. त्याने आपल्या वस्त्राचा ओचा झटकला आणि वचन मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको, असे सांगितले. बारा वर्षे त्याने सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता.

आपल्या मंडळ्यांत आज कोणता ओचा झटकावा लागेल, हे आपण पाळकांसह बसून ठरवावे. लग्न ठरवताना जात विचारणे, वेगळे नाव देऊन घेतलेला हुंडा, चर्चच्या जमिनींचे व्यवहार सभासदांपासून लपवणे, पंचमंडळाच्या निवडणुकीत चालणारी जुळवाजुळव, आणि घरात मार खाणाऱ्या बहिणीला ‘सहन कर, प्रार्थना कर’ असे सांगून परत पाठवणे, ही नावे मी माझ्या अनुभवावरून देतो. आपली यादी वेगळी असू शकेल.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करणारी तरुणी आहे. एका सभेत वक्त्यांनी महापूर, भूकंप आणि साथीचे रोग ही देशाच्या पापांबद्दल देवाने दिलेली शिक्षा असल्याचे सांगितले. माझे आजोळ किल्लारीच्या परिसरात आहे. मला ते ऐकवले नाही. यावर ख्रिस्ती शिकवण काय आहे?

उत्तर : ताई, आपल्याला ते ऐकवले नाही, हे आपल्या विश्वासाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे. येशूपुढे हाच प्रश्न आला होता. रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करीत असतानाच ठार मारले होते, आणि शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून प्रभूने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले (लूक १३:१-५). त्यानंतर तो ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणाला की तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. मेलेल्यांचा न्याय करण्याची वाट त्याने बंद केली आणि जिवंतांना स्वतःकडे पाहायला लावले. आपत्तीत सापडलेल्यांच्या पापाची चर्चा करणारा वक्ता हे दोन्ही उलटे करतो.

संदेष्ट्यांनी राष्ट्रीय संकटांमागे देवाचा हात पाहिला, हे खरे आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. पण तो अर्थ त्यांनी देवाच्या आज्ञेने, आपल्याच लोकांविषयी आणि बहुधा संकट येण्यापूर्वी सांगितला, आणि त्याबद्दल छळ सोसला. संकट ओसरल्यावर, सुरक्षित सभागृहात, दुसऱ्यांविषयी ते सांगणे ही संदेष्ट्याची सेवा नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे गेली, ती गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा घरी येऊन झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीच्या जड माळवदाचे छत, अशी त्या भागातील घरे होती. ती कोसळली तेव्हा आत झोपलेल्यांना बाहेर पडायला सवडच मिळाली नाही. त्यांचे पाप काय होते, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने विचारू नये. भूकंपाचे धक्के आधी बसत असताना तेथील लोकांच्या घरांची आणि जिवाची काळजी कोणी का घेतली नाही, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे, आणि तोच राष्ट्राच्या नीतीचा प्रश्न आहे. आपल्या आजोळच्या माणसांसाठी रडणे हे देवाच्या मनाविरुद्ध नाही. यरुशलेमचा नाश पुढे दिसत असताना येशू त्या नगराकडे पाहून रडला. लूक १९:४१ मध्ये तसे लिहिले आहे.

प्रश्न : नीतीसाठी ख्रिस्ती लोकांनी कायद्याची मागणी करावी काय? उदाहरणार्थ दारूबंदी. की केवळ सुवार्ता सांगून हृदयपरिवर्तनाची वाट पाहावी? आणि देशासाठी प्रार्थना कशी करावी? (चंद्रपूर येथील एक वाचक)

उत्तर : आपण चंद्रपूरहून लिहीत आहात, म्हणजे कायद्याची मर्यादा आपण जवळून पाहिली आहे. स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ साली आपल्या जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठवली गेली. बंदी फसली की फसवली गेली, यावर जिल्ह्यात दोन मते आहेत आणि त्या वादात मी शिरत नाही. ख्रिस्ती शिकवणीच्या दृष्टीने एवढे सांगता येते की, कायदा हृदय बदलत नाही, पण दुर्बलाच्या गळ्यावरचा हात तो बाजूला करू शकतो, आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायानुसार सत्तेचे तेच काम आहे. गुलामांचा व्यापार ब्रिटिश साम्राज्यात १८०७ साली कायद्यानेच बंद झाला; व्यापाऱ्यांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहिली असती तर आणखी किती जहाजे भरून गेली असती, कोण जाणे. म्हणून कोणत्या कायद्याची मागणी करावी हे ठरवताना, तो कोणाचे रक्षण करतो, हे आधी पाहावे. दारूबंदी मागणाऱ्या स्त्रियांना कोणाला नीतीचे धडे द्यायचे नव्हते. त्यांना आठवड्याची मजुरी आणि अंगावरचे वळ यांची काळजी होती. आपल्या श्रद्धेचा मान वाढावा म्हणून इतरांवर कायदा लादण्याची मागणी मात्र अल्पसंख्य असताना आपण करीत नाही, आणि बहुसंख्य असतो तरी करू नये.

सत्ता ‘आपली’ असली तरी बोलावे लागते, याचे महाराष्ट्रातील उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणवणारे होते आणि रमाबाईंच्या कार्याला परदेशातील ख्रिस्ती लोकांचा आधार होता. तरीही सरकारी प्लेग व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी साप्ताहिकात जाहीर पत्र लिहिले, आणि तो विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गप्प राहणे त्यांना सोयीचे होते. ज्या मुलींचा सांभाळ त्यांनी पत्करला होता त्यांच्यासाठी त्या बोलल्या.

प्रार्थनेविषयी आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा पहिल्या तीमथ्यात (२:१-२) आहे, आणि ज्या नगरात तुम्हाला पाठवले आहे त्याचे कल्याण पाहा, असे यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना लिहिले (२९:७). रविवारच्या उपासनेत देशासाठी प्रार्थना करताना ‘या देशातील लोकांना सुबुद्धी दे’ एवढ्यावर थांबू नये. त्या आठवड्यात आपल्या तालुक्यात कोणाची मजुरी थकली, कोणत्या वस्तीला पाणी मिळाले नाही, कोणाची तक्रार पोलीस ठाण्यात नोंदवून घेतली गेली नाही, हे वडील मंडळींनी शनिवारी माहीत करून घ्यावे आणि प्रार्थनेत नावानिशी घ्यावे. सोमवारी त्यांच्यापैकी दोघांनी त्या घरी जाऊन यावे.